कशावरून ठरवायचं, आणि कोणी

(उज्जैन येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



शिक्षणावर बोलायला उज्जैनला आलं की सांदीपनींच्या आश्रमापासून सुरुवात करायची, असा इथला शिरस्ता आहे म्हणे. आता तर राज्य सरकारनं ‘सीएम राइज’ शाळांनाही सांदीपनींचंच नाव दिलं आहे, म्हणजे शिरस्ता पक्का झाला. तरी मी तो मोडते. माझी सुरुवात वेधशाळेपासून.

सवाई जयसिंह माळव्याचे सुभेदार झाले, त्या अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही वास्तू. दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी त्यांनी दगडाचुन्याची अवाढव्य यंत्रं उभी केली, त्यामागचं कारण साधं होतं. हाताशी असलेल्या सारण्यांवरून काढलेली ग्रहस्थिती आणि डोळ्यांना दिसणारं आकाश जुळत नव्हतं. पोर्तुगालला माणसं धाडून त्यांनी युरोपातल्या ल हीरच्या सारण्या मागवल्या. त्याही चंद्राच्या बाबतीत सुमारे अर्धा अंश चुकत होत्या. मग स्वतःच्या वेधांवरून त्यांनी नव्या सारण्या करवून घेतल्या. पुढं ही वेधशाळा मोडकळीला आली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली, गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले, आणि आजही इथून दरवर्षी पंचांग निघतं. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. जयसिंह राजे होते. ग्रंथ आणि आकाश जुळेना, तेव्हा ग्रंथ बदलायचा अधिकार त्यांच्याकडं होता.

शाळेतल्या शिक्षकालाही असा फरक रोज दिसतो. पाचवीचं पुस्तक धरून चालतं की मुलाला उतारा वाचता येतो, आणि समोरचं मूल जोडाक्षराशी अडून बसलेलं असतं. शिक्षकाचा वेध बरोबर असतो. पण सारणी बदलायची मुभा त्याला नसते. शाळेतले निर्णय संशोधनाच्या आधारे का होत नाहीत, याचं उत्तर आपण बहुधा शिक्षकाच्या अज्ञानात किंवा आळसात शोधतो. मला ते या मुभेच्या प्रश्नात सापडतं. आज तेवढंच मांडणार आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी पहिल्या दोन रांगांत बसलेले आहेत. त्यांच्यासमोर गुरुजींविषयी मी काही सांगणं आगाऊपणाचं होईल. माळव्यातल्या मराठी घरांतून शिक्षकी पेशात किती माणसं आली, याची मात्र आठवण ठेवायला हवी. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीतले मोठे कवी म्हणून आपल्याला माहीत आहेत. पण आधी ते याच जिल्ह्यातल्या बडनगरला आणि मग शुजालपूरला शाळेत शिकवत होते.

माझी सगळी नोकरी महाराष्ट्रात, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आम्ही ज्याला ‘डाएट’ म्हणतो तिथं गेली. शिक्षकांना प्रशिक्षण देणं हे आमचं काम. त्यामुळे मुख्याध्यापक खरोखर कोणते निर्णय घेतात हे जवळून बघायला मिळालं. धोरण वगैरे शब्द तिथं कुणी वापरत नाही. निर्णय असतात ते असे: पहिलीचा वर्ग कुणाला द्यायचा? चौथीतल्या ज्या मुलांना अजून वाचता येत नाही त्यांना वेगळं बसवायचं की सगळ्यांबरोबर? गृहपाठ किती? सेमी इंग्रजी सुरू करायचं का? दुपारची खिचडी झाल्यावर गणिताचा तास ठेवायचा की परिसर अभ्यासाचा?

आणि हे ठरतं कशावरून? पहिलीचा वर्ग बहुतेक ठिकाणी नव्यानं बदलून आलेल्या किंवा निवृत्तीला टेकलेल्या बाई घेतात. सगळ्यात तडफदार शिक्षक शिष्यवृत्तीच्या वर्गाला, कारण शिष्यवृत्तीच्या यादीत नावं आली की पेपरात बातमी येते. सेमी इंग्रजी शेजारच्या गावात सुरू झालं म्हणून आपल्याकडं. गृहपाठ पालक ओरडतात म्हणून. उरलेलं परिपत्रकावरून, आणि परिपत्रकात नसेल ते साहेबांच्या स्वभावावरून.

आता यात हसण्यासारखं काही नाही, कारण याच सभागृहात मी विचारलं की ज्यांची नातवंडं हिंदी किंवा मराठी माध्यमाच्या शाळेत आहेत त्यांनी हात वर करावेत, तर काय होईल हे मला माहीत आहे. म्हणून विचारत नाही. लहान मूल घरच्या किंवा परिसराच्या भाषेत चांगलं शिकतं, याला जगभरच्या अभ्यासांचा आधार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही किमान पाचवीपर्यंत तसं सुचवलं आहे. तुम्हाला हे ठाऊक नाही असं नाही. पण संशोधक उत्तर देतो ‘मूल चांगलं कशात शिकेल’ या प्रश्नाचं, आणि आईबापांचा प्रश्न असतो ‘पुढं नोकरी कशानं लागेल’. उत्तर बरोबर असूनही वाया जातं, कारण ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. शाळेतही नेमकं असंच घडतं.

मग संशोधन शिक्षकांपर्यंत पोचवलं तर? सोप्या भाषेत, छापून, घरपोच? इंग्लंडमध्ये हे करून बघितलं आहे. तिथं २०११ मध्ये एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन नावाची संस्था सरकारी निधीतून उभी राहिली. कोणत्या उपायानं मुलांच्या शिकण्यात किती फरक पडतो, याची सोपी कोष्टकं तिनं शाळांपुढं ठेवली. मग तिनंच एक मोठा प्रयोग करवला. भाषा शिकवण्याविषयीचं संशोधन बारा हजारांहून अधिक प्राथमिक शाळांच्या बाबतीत वेगवेगळ्या रीतीनं पोचवून बघितलं: कुठं छापील पुस्तिका, कुठं संकेतस्थळ, काही शाळांना परिषदेचं आमंत्रण. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की मुलांच्या गुणांत काहीही फरक पडला नाही. स्वतःच्याच पद्धतीचा असा फोल निकाल जाहीर करायचा प्रामाणिकपणा आपल्याकडच्या किती खात्यांत सापडेल, हा वेगळा विषय. पण तिथले शिक्षक वाचणारे, भाषा त्यांचीच, शाळा बऱ्यापैकी स्वायत्त. तरी वाचून काही हललं नाही.

आपल्याकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबईत सुरू होतं आणि बिहारमध्ये जाऊन उलगडतं. त्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

‘प्रथम’ ही संस्था १९९५ मध्ये मुंबईत सुरू झाली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे ही नावं तुम्ही ऐकली असतील. महापालिकेच्या शाळांत मागं पडलेल्या मुलांसाठी त्यांनी ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच, दहावी-बारावी झालेली मुलगी. ती तिसरी-चौथीतल्या मागं राहिलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी असं जिथं मूल अडलं आहे तिथून शिकवायची. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथं अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा काटेकोर अभ्यास केला. ज्या शाळांत एखाद्या इयत्तेला बालसखी मिळाली, त्या इयत्तेची तुलना दुसऱ्या शाळांतल्या बालसखी न मिळालेल्या त्याच इयत्तेशी केली. फरक स्पष्ट होता, आणि तो सर्वांत जास्त तळातल्या मुलांत होता. बॅनर्जी आणि दुफ्लो यांनाच मायकेल क्रेमर यांच्याबरोबर २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

म्हणजे उपाय सापडला. इयत्ता विसरा, मूल जिथं आहे तिथून शिकवा. आता सरकारी शिक्षकांनाच हे प्रशिक्षण दिलं की झालं, असं कुणालाही वाटेल. तसं वाटलंही. बिहारमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं, आणि शाळेच्या वर्षात काय होतं ते मोजलं. जवळजवळ काहीच झालं नाही. त्याच बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच सुट्टीत महिनाभर शिबिरं घेतली, तिथं मात्र मुलं वाचायला लागली. शिक्षक सरकारीच, पद्धत तीच, मुलंही त्याच शाळांतली. उत्तराखंडमध्ये शाळेत स्वयंसेवक दिले, तर मुख्याध्यापकांनी त्यांना नेहमीच्याच वर्गांवर जुंपलं आणि उपाय विरघळून गेला.

उन्हाळ्यात आणि जुलैत फरक कशाचा? पाठ्यक्रमाचा. उन्हाळ्यात पुस्तक ‘पुरं’ करायचं नव्हतं. जूनमध्ये जो शिक्षक मुलाला अक्षरापासून शिकवत होता, तोच ऑगस्टमध्ये पाचवा धडा शिकवत होता, कारण तपासायला येणारा माणूस पाचवा धडा झाला का हेच विचारणार. शिक्षकाला पद्धत पटली नव्हती असं नाही. पटलेलं करायला त्याच्याकडं तास नव्हता.

हरियाणात २०१२-१३ मध्ये हीच गाठ सोडवायचा प्रयत्न झाला. शाळेच्या दिवसात एक जादा तास यासाठी राखून ठेवला. त्या तासाला तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता सोडून पातळीप्रमाणं बसली. आणि, मला हे फार महत्त्वाचं वाटतं, शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या गटसमन्वयकांनी आधी दोन-तीन आठवडे स्वतः शाळेत जाऊन मुलांना शिकवलं. नंतर ते शिक्षकांना मदत करायला गेले. हिंदी वाचनात फरक पडला. आमच्या खात्यात मी असा एकही वरिष्ठ पाहिला नाही की जो एखादा उपक्रम शिक्षकांवर लादण्याआधी पंधरा दिवस दुसरीच्या वर्गावर उभा राहिला. पाहिला असता तर त्याचं नाव इथं आदरानं घेतलं असतं.

हे झालं ज्याचं फळ मिळालं त्याविषयी. आता तुमच्याच राज्यातली एक गोष्ट.

मध्य प्रदेशात शाळांची गुणवत्ता तपासण्याचा एक कार्यक्रम आला, जो पुढं ‘शाला सिद्धी’ या नावानं ओळखला गेला. कागदावर त्यात खोट काढायला जागा नव्हती. जगभरात उत्तम मानलेल्या पद्धती एकत्र केलेल्या: प्रत्येक शाळेचं बारकाईनं मूल्यमापन, तिला श्रेणी, आणि तिच्यापुरता सुधारणेचा आराखडा. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग या अर्थशास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १,७७४ शाळांत तो लागू झाल्यावर काय घडलं ते तपासलं. २०२० मध्ये त्यांचा निबंध आला. मूल्यमापन जवळपास सगळ्या शाळांत पूर्ण झालं होतं. श्रेणीही खोट्या नव्हत्या. ज्या शाळा खरोखर कच्च्या होत्या त्यांनाच कमी श्रेणी मिळाली होती. आणि तरी शाळेच्या कारभारात किंवा मुलांच्या शिकण्यात काडीचा फरक पडला नाही. तळातल्या अधिकाऱ्यांशी बोलल्यावर कळलं की कार्यक्रमाचा मुख्य परिणाम म्हणजे भरायचे कागद वाढले.

यातला पुढचा भाग जास्त गमतीचा. कार्यक्रम यशस्वी मानला गेला. का? फॉर्म भरून झाले होते ना! आणि देशभरात सहा लाखांहून अधिक शाळांत तो पसरला. महाराष्ट्रातही आम्ही ‘शाळा सिद्धी’ केली. शिक्षकांना माहिती ऑनलाइन कशी भरायची ते शिकवणाऱ्यांत मीही होते. विस्तार झाल्यावर त्याच संशोधकांनी मध्य प्रदेशात पुन्हा तपासणी केली, आणि निकाल तोच.

निबंधात एक गोष्ट स्पष्ट नोंदवली आहे. या कार्यक्रमानं कुणाची जबाबदारी बदलली नाही, की कुणाला चांगल्या कामाचा लाभ मिळवून दिला नाही. मी त्यात माझी भर घालते: कुणाला नवा अधिकारही दिला नाही. तुमच्या शाळेला विज्ञानाचा शिक्षक नाही, असं मूल्यमापनात लिहिलं गेलं. आराखड्यात ‘विज्ञान अध्यापन सुधारणे’ असं लिहिलं गेलं. शिक्षक मिळवायचा अधिकार मुख्याध्यापकाला नव्हता, तो आराखडा वाचून शिक्षक द्यायचा अधिकार तपासणाऱ्यालाही नव्हता. डॉक्टरनं नाडी बघावी, रोग अचूक सांगावा, कागद हातात द्यावा, आणि गावात औषधाचं दुकानच नसावं.

संशोधनाचा असा सरकारी आदेश होतो तेव्हा काय उरतं, याचा अनुभव आमच्याकडच्या ‘कृतिसंशोधना’त आहे. डीएड, बीएड करणाऱ्या प्रत्येकानं ते करायचं, नोकरीतल्या शिक्षकानंही स्पर्धेला पाठवायचं. कल्पना उत्तम: आपल्या वर्गातला एक प्रश्न घ्या, उपाय करा, आधी आणि नंतर मोजा. माझ्या हाताखालून अशा अहवालांचे गठ्ठे गेले. त्यांत उत्तरचाचणीचे गुण पूर्वचाचणीपेक्षा कमी आले असं एकही उदाहरण मला आठवत नाही. शुद्धलेखनाच्या चुका, पाढ्यांचं पाठांतर, वर्गातली गैरहजेरी, विषय कोणताही असो, ‘सदर उपक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या प्रगतीत वाढ झाल्याचे दिसून आले’. जिथं फसलेला प्रयोग सांगायला जागा नाही, तिथं यशस्वी प्रयोगावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिक्षक एकमेकांचे अहवाल वाचत नाहीत, ते यामुळेच.

ते वाचतात, किंवा बघतात, ते वेगळंच. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांचं नाव झालं. मुलं स्वतः रचत, करत शिकतात, ज्याला ज्ञानरचनावाद म्हणतात, असं तिथं दिसायचं. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. परिपत्रकानं जे होत नाही ते इथं झालं: शिक्षकानं दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग डोळ्यांनी बघितला आणि त्याला वाटलं, हे मलाही जमेल. या ओढीला मी कमी लेखत नाही. पण परत येऊन बहुतेकांनी काय केलं? फरशी रंगवली. वर्गाच्या जमिनीवर संख्यारेषा, अक्षरांचे चौकोन, वर्तुळं. कुमठ्याच्या शिक्षकांनी मुलं बघून, चुकत, बदलत जे गाठलं होतं, त्याचा तेवढाच भाग सोबत नेता येण्याजोगा होता. तपासायला आलेल्या साहेबांना फरशी दिसायची, आणि फरशी दिसली की ज्ञानरचनावाद झाला.

याच्या उलट, चुकीची गोष्ट किती सहज आत येते बघा. एखादं मूल बघून शिकतं, एखादं ऐकून, एखादं करून, म्हणून मुलांचे असे गट पाडून शिकवावं, हे मी असंख्य प्रशिक्षणांत ऐकलं आहे. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेचा पुरावा धुंडाळला आणि तो पुरेसा नाही असं लिहिलं. प्रशिक्षणात त्याचा पत्ताही नाही. कारण ही कल्पना कुणालाच काही सोडायला लावत नाही. पाठ्यक्रम तसाच राहतो, वेळापत्रक तसंच राहतं, वर एक रंगीत तक्ता येतो.

तर मग असं कुठं झालं का, की शिक्षकांनी पुरावा गोळा केला आणि त्यावरून काही बदललंही? झालं. तुमच्या जवळच, नर्मदेच्या काठी, आणि काही वर्षं तुमच्या या जिल्ह्यातही.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या नर्मदापुरममधल्या, सोळा शाळांत सुरू झाला. सहावी ते आठवीचं विज्ञान. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. अनिल सद्गोपाल त्यामागं होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ सुट्ट्या काढून इथल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसायला आले. १९७८ मध्ये सरकारनं तो सगळ्या जिल्ह्यात नेला, १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था स्थापन झाली, आणि त्या दशकात कार्यक्रम उज्जैन, देवास, धार अशा माळव्याच्या जिल्ह्यांत पोचला. एकलव्यचं एक केंद्र उज्जैनमध्येच होतं. इथल्या काही ज्येष्ठ शिक्षकांनी ती शिबिरं केलेली असतील.

प्रयोग करून शिकणं, पुस्तक उघडं ठेवून परीक्षा, मुलांची पत्रं घेणारा ‘सवालीराम’, हे सगळं बऱ्याच जणांना आठवतं. मला त्यातल्या दोन कमी बोलल्या जाणाऱ्या गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे मासिक गोष्ठी. महिन्यातून एकदा आसपासच्या शाळांचे विज्ञानशिक्षक एकत्र बसायचे आणि कोणता प्रयोग वर्गात फसला ते सांगायचे. फसलेलं सांगायला तिथं लाज नव्हती, कारण तेच सांगायला बोलावलेलं असायचं. दुसरी गोष्ट, या तक्रारी कुठं तरी पोचायच्या. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्यांची पाठ्यपुस्तकं पुनःपुन्हा बदलली, आणि बदलताना वर्गातून आलेला अनुभव समोर ठेवला गेला. एखाद्या धड्यातलं मापन गावातल्या साहित्यानं जमत नाही असं शिक्षक सांगत असतील तर धडा बदलायचा. म्हणजे वेध शिक्षकाचा, आणि सारणी बदलणाऱ्यांच्या पंगतीतही शिक्षकच. शिक्षक यात रमले याचं कारण मी त्या दोन गोष्टींत बघते. ज्या कामात आपलं म्हणणं मोजलं जातं त्या कामात माणूस सुट्टीच्या दिवशीही येतो.

२००२ मध्ये सरकारनं कार्यक्रम बंद केला. तेव्हा तो पंधरा जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत चालू होता. होशंगाबादच्या जिल्हा नियोजन समितीनं तसा ठराव केला होता, आणि विरोधकांचं म्हणणं होतं की या मुलांची दहावीच्या परीक्षेत पीछेहाट होते. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेध नोंदवला. उपयोग झाला नाही. सुशील जोशी यांनी ‘जश्न-ए-तालीम’ या पुस्तकात हा इतिहास लिहिला आहे. हिंदी वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं तो वाचावा.

मला यात फक्त अन्याय दिसत नाही. दहावीचा बोर्ड पाठांतर मोजत होता आणि कार्यक्रम दुसरंच काही शिकवत होता, हे खरं. तरी ज्या बापाची मुलगी पुढं दहावीलाच बसणार, त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. गोष्ठीत तीस वर्षं जो पुरावा साठला तो शिक्षकांना पटण्याजोगा होता. पालकांना आणि आमदारांना पटण्याजोगं उत्तर, त्यांच्या भाषेत, पुरेसं हाताशी नव्हतं असं मला वाटतं. माझ्या एकलव्यमधल्या मित्रांना हे मान्य नाही, आणि ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात. पुढं यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात त्याच विचारांना मानाचं पान मिळालं. तोपर्यंत गोष्ठी बंद झाल्या होत्या.

मराठीत त्या वाटेची एक खूण उरली आहे. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकावरून स्फूर्ती घेऊन पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागलं. इथल्या वाचनालयात ते येतं का, हे कुणीतरी मला नंतर सांगा.

आता आणखी एक अभ्यास, जो मराठी शिक्षकानं वाचायलाच हवा. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरला, पहिली ते तिसरीची मुलं मराठी आणि कन्नड वाचायला कशी शिकतात, हे काही वर्षं वर्गात बसून पाहिलं. २०१७ मध्ये अहवाल आला. तिसरीच्या शेवटीही बऱ्याच मुलांना साधा उतारा धड वाचता येत नव्हता. अक्षरं घोटण्यात वेळ जात होता. अर्थाबद्दल बोलणं आणि मनानं काही लिहिणं यांना फारशी जागाच नव्हती. आणि ही मुलं गरीब घरची म्हणून मागं राहणार, असं बऱ्याच शिक्षकांनी मनाशी धरून ठेवलेलं होतं. माझा पहिला प्रश्न इथं परत येतो, पहिली कुणाला द्यायची? हा अहवाल वाचलेला मुख्याध्यापक आपला सगळ्यात चांगला शिक्षक शिष्यवृत्तीच्या वर्गावरून काढून पहिलीला देईल. त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही, एक पैसा लागत नाही. लागते ती एवढीच गोष्ट: शिष्यवृत्तीच्या यादीतली दोन नावं कमी झाली तर त्याला कुणी जाब विचारू नये.

अशा निर्णयांची यादी करायला बसलं तर बरीच निघते. वर्गांची वाटणी, वेळापत्रक, पहिला तास कशाचा, इयत्ता मोडून गट करायचे का, कोणत्या मुलाला किती दिवस वेगळं बसवायचं. यांना आदेश लागत नाही, आदेश आड येऊ नये एवढंच लागतं. मध्य प्रदेशात जनशिक्षा केंद्रं आहेत, जनशिक्षक आहेत, महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आणि दरमहा केंद्राची शिक्षण परिषद आहे. गोष्ठीचा सांगाडा दोन्ही राज्यांत उभा आहे. आज तिथं सूचना वाचल्या जातात, माहिती भरायची राहिलेल्या शाळांची नावं पुकारली जातात, फोटो काढला जातो.

मी सुचवेन ते एवढंच. उज्जैन जिल्ह्यातल्या दोन-तीन केंद्रांनी, खाजगी शाळांनाही बोलावून, वर्षभर एकच प्रश्न धरावा. उदाहरणार्थ, तिसरीतल्या न वाचणाऱ्या मुलांसाठी रोजचा पहिला तास मोकळा केला तर काय होतं. जनशिक्षकानं आधी पंधरा दिवस स्वतः तो तास घ्यावा. बैठकीचा शेवटचा तास फसलेल्या गोष्टींसाठी ठेवावा आणि त्याचं इतिवृत्त वर पाठवू नये. जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांनी एकच लेखी शब्द द्यावा, की त्या शाळांना त्या वर्षी पाठ्यक्रम किती झाला हे विचारलं जाणार नाही. मोजणी शेजारच्या केंद्रातल्या शिक्षकांनी करावी, स्वतःच्या शाळेची कुणी करू नये. उत्तरचाचणीचे गुण नेहमी वर का जातात ते मी तुम्हाला सांगितलंच आहे.

यातली सगळ्यात अवघड अट कोणती असेल, असं मला सकाळी संयोजकांनी विचारलं. मला वाटलं होतं, लेखी शब्दाची. इथले एक निवृत्त संकुल प्राचार्य म्हणाले, नाही, ताई. वर्ष संपायच्या आत त्या जनशिक्षकाची बदली होईल किंवा त्याला निवडणुकीच्या कामाला लावतील. त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर प्रश्नोत्तरांत तेच आधी घेऊ.